बद्धकोष्ठतेसाठी प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक: सुरुवात कोठून करावी

‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार आपल्याकडे घरोघरी असते आणि तिच्यावर उपाय सांगणारेही घरोघरी असतात. कोणी रात्री कोमट दुधात तूप घालून घ्यायला सांगते, कोणी एरंडेल, तर कोणी चूर्ण. गेल्या काही वर्षांत या यादीत प्रोबायोटिक या शब्दाची भर पडली आहे. माझ्या आईला सत्तरीच्या आसपास हा त्रास सुरू झाला, तेव्हा मीही औषधांच्या दुकानात जाऊन ‘पोटासाठी चांगले प्रोबायोटिक द्या’ एवढेच सांगितले आणि मिळालेल्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या आठवडाभर तिला दिल्या. काहीच फरक पडला नाही. पुढे लेबल नीट वाचले, तेव्हा कळले की त्या कुप्यांमध्ये बॅसिलस क्लॉसी नावाचा जीवाणू होता आणि तो मुख्यतः जुलाबांसाठी व प्रतिजैविकांमुळे बिघडलेल्या पोटासाठी दिला जातो. म्हणजे आईच्या तक्रारीच्या अगदी उलट तक्रारीवरचे औषध आम्ही आठवडाभर देत होतो.

त्या आठवड्यानंतर जे वाचले, जे डॉक्टरांना विचारले आणि जे घरात करून पाहिले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे. यात क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण कॅप्सूलपासून सुरुवात करतात आणि आहाराकडे नंतर वळतात. माझ्या मते ते नेमके उलटे व्हायला हवे.

दोन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

पुरेशा संख्येने पोटात गेले असता शरीराला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने 2001 साली केलेल्या या व्याख्येतील ‘जिवंत’, ‘पुरेशा संख्येने’ आणि ‘लाभ’ हे तिन्ही शब्द तोलून वापरलेले आहेत, आणि बाजारातील एखादे उत्पादन यांपैकी एका शब्दालाही उतरत नसेल, तर त्यावर काहीही छापलेले असले तरी ते प्रोबायोटिक ठरत नाही. प्रीबायोटिक हा जीव नव्हे. ते आपल्या आतड्यात आधीपासून राहणाऱ्या उपयुक्त जीवाणूंचे खाद्य आहे. ही संज्ञा 1995 साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी रूढ केली.

स्वयंपाकघरातील भाषेत सांगायचे, तर प्रोबायोटिक हे विरजण आणि प्रीबायोटिक हे दूध. विरजण कितीही उत्तम असले, तरी भांड्यात दूधच नसेल तर दही कशाचे लागणार?

हे खाद्य बद्धकोष्ठतेवर कसे काम करते, तेही समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरूनच मात्रा आणि धीर या दोन्हींचा अंदाज येतो. काही प्रकारचे तंतू (फायबर) आणि शर्करा पचविणारी विकरे (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतात, त्यामुळे ते पदार्थ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथे जीवाणू ते आंबवतात, त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात, आणि खाद्य मिळाल्यामुळे जीवाणूंची संख्याही वाढते. मळाच्या कोरड्या भागापैकी साधारण पाव ते निम्मा भाग जीवाणूंचाच असतो. साहजिकच जीवाणू वाढले की मळाचे वजन वाढते, तो मऊ होतो आणि आतड्याला पुढे ढकलण्यासाठी काहीतरी हाती लागते. याच आंबण्यातून वायूही तयार होतो. पोट फुगणे हा प्रीबायोटिकचा दोष नसून त्याच्या कामाचाच एक भाग आहे. मात्र तो किती सोसायचा, हे मात्रेवर अवलंबून असते.

पायरी 1: आधी त्रास नीट ओळखावा

रोज सकाळी शौचाला झालेच पाहिजे, या समजुतीमुळे निरोगी माणसेही स्वतःला रुग्ण मानतात. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, ही सर्व कक्षा सामान्य मानली जाते. आठवड्यातून 3 पेक्षा कमी वेळा शौचाला होणे, मळ कठीण असणे, फार कुंथावे लागणे, शौचानंतरही पोट पूर्ण मोकळे न वाटणे, या गोष्टी काही महिने टिकून असतील तर ती जुनाट बद्धकोष्ठता. दोन दिवस प्रवासात पोट अडले, तर त्यासाठी या लेखातील काहीही करण्याची गरज नाही.

त्याचबरोबर काही लक्षणे अशी आहेत की ती असताना घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. मळातून रक्त जाणे किंवा मळ डांबरासारखा काळा होणे, कारण नसताना वजन घटणे, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणे, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, आणि पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही असल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. पोट फुगून तीव्र वेदना, उलट्या आणि वायूही न सरणे, हे एकत्र आले तर तातडीने रुग्णालय गाठावे.

नंतर घरातील औषधांचा डबा उघडावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबासाठीची व्हेरापामिलसारखी औषधे, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलीन, ही सर्व पोट अडवू शकतात. थायरॉइडची कमतरता आणि मधुमेहही तेच करतात. माझ्या आईच्या बाबतीत त्रास सुरू झाला तो लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यानंतर तीनच आठवड्यांनी, आणि तरीही दोन्ही गोष्टींचा संबंध आम्ही कोणी जोडला नव्हता. अशा वेळी औषध स्वतःच बंद करू नये. डॉक्टरांना सांगितले की ते अनेकदा प्रकार किंवा वेळापत्रक बदलून देतात. आईलाही तसे बदलून मिळाले.

पायरी 2: एक आठवडा फक्त नोंद

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या पिशव्यांची नोंद असते. त्याच चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, आईने पेन्सिलीने एक आकडा लिहायला सुरुवात केली. हा आकडा इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झालेल्या मळाच्या सात प्रकारांच्या मोजपट्टीतला. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कठीण खडे असतील तर 1, गाठीगाठींचा जाड व कठीण असेल तर 2, वर भेगा असलेला असेल तर 3, गुळगुळीत व मऊ असेल तर 4. त्यापुढे मळ अधिकाधिक सैल होत जातो आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी. 1 आणि 2 हे बद्धकोष्ठतेचे आकडे, 3 आणि 4 हे समाधानाचे. आकड्याशेजारी फार कुंथावे लागले असेल तर एक फुली, आणि ज्या दिवशी झालेच नाही त्या दिवशी रिकामी चौकट.

या पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. उपाय सुरू केल्यानंतर खरोखर फरक पडला की केवळ बरे वाटले, हे ठरविण्यासाठी आधीचे चित्र हाती असावे लागते. आईच्या त्या आठवड्यात तीन रिकाम्या चौकटी होत्या, दोन ठिकाणी 1 आणि दोन ठिकाणी 2 होता, आणि चारही आकड्यांपुढे फुल्या होत्या.

पायरी 3: पाणी, वेळ आणि बैठक

येथे थोडक्यात सांगतो. तंतू वाढवायचे आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच कमी प्यायचे, असे केल्यास त्रास वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. ही प्रतिक्रिया सकाळच्या न्याहारीनंतर विशेष जोरात असते, म्हणून न्याहारीनंतरची दहा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि वेग आला की तो दाबू नये. कमोड वापरत असल्यास पायांखाली पाट किंवा बुटका स्टूल ठेवून गुडघे कमरेच्या वर येतील असे बसावे. उकिडव्या बैठकीत गुदाशयाचा कोन सरळ होतो, तोच परिणाम यातून बराचसा साधतो.

पायरी 4: स्वयंपाकघरातील प्रीबायोटिक

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सुचवले आहेत. पांढरा भात, मैद्याची बिस्किटे, चाळून कोंडा काढलेल्या कणकेची पोळी आणि दोन चमचे भाजी, अशा ताटात ते भरत नाहीत. परंतु आपले जुने जेवण, म्हणजे भाकरी, उसळ, पालेभाजी, कच्चा कांदा आणि ताक, जवळजवळ याच कामासाठी रचल्यासारखे आहे, आणि ते पुन्हा ताटात आणणे ही माझ्या मते या लेखातील सर्वांत मोलाची पायरी आहे.

कांदा, लसूण आणि गहू यांमध्ये फ्रुक्टान नावाचे तंतू असतात. इन्युलिन हा त्यांचाच एक प्रकार. मटकी, चवळी, हरभरा, राजमा आणि तूर यांमध्ये रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात, ज्या आपल्याला पचत नाहीत पण जीवाणूंना आवडतात. ओट्स आणि जव यांतील बीटा-ग्लुकानही याच कामाचे. भात किंवा बटाटा शिजवून थंड केला की त्यातील काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते आणि पुन्हा गरम केल्यावरही त्याचा काही भाग तसाच टिकतो. त्यामुळे सकाळचा फोडणीचा भात या दृष्टीने वाया गेलेला पदार्थ नाही. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये, कारण उबदार भातात बॅसिलस सेरियस हा विषबाधा करणारा जीवाणू वाढतो. भात निवला की तो लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.

केळ्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. हिरव्या, कच्च्या केळ्यात न पचणारे पिष्ट भरपूर असते हे खरे, आणि त्यामुळे प्रीबायोटिकच्या याद्यांमध्ये ते हमखास दिसते. परंतु कच्चे केळे जुलाब थांबविण्यासाठीही दिले जाते. पोट आधीच अडलेले असताना त्याच्यावर भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा पेरू खावा. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 5 ग्रॅम तंतू असतात आणि हंगामात तो कोणालाही परवडतो. सुक्या अंजिरात 100 ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. पुरंदरच्या ताज्या अंजिरांचा हंगाम असेल तेव्हा तीही खावीत. ज्यांना किवी मिळते आणि परवडते, त्यांनी दिवसाला दोन हिरव्या किवी खाऊन पाहाव्यात, कारण बद्धकोष्ठतेसाठी ज्या मोजक्या फळांच्या थेट चाचण्या झाल्या, त्यांत किवी आणि सुके आलुबुखार ही दोन फळे चांगली उतरली आहेत.

आता हे करायचे कसे? एकदम नव्हे. नवखा माणूस हमखास जी चूक करतो ती हीच की सोमवारी ठरवतो आणि मंगळवारी सकाळी वाटीभर मोड, दुपारी राजमा, रात्री कोशिंबीर खातो, आणि बुधवारी पोट नगाऱ्यासारखे फुगल्यावर सगळे सोडून देतो. जीवाणूंची वस्ती नव्या खाद्याला रुळायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात रोज अर्धी वाटी उसळ वाढवावी आणि कणीक चाळणे बंद करावे. दुसऱ्या आठवड्यात एका वेळच्या पोळीऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी आणावी. तिसऱ्या आठवड्यात रोजचे एक फळ आणि एका भाजीची भर घालावी. वायू त्रासदायक झाला तर मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर परत यावे आणि तेथे चार-पाच दिवस थांबावे.

कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकले, किंवा त्यांना मोड आणले, तर वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात. म्हणजे प्रीबायोटिकही थोडे कमी होते, पण खाणाऱ्याला ते सोसते. सुरुवात करणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे. आईला आम्ही पहिल्या आठवड्यात मोड आलेल्या मटकीची उसळ आले-जिरे घालून दिली, चवळी आणि हरभरा तिसऱ्या आठवड्यानंतर आणला.

ज्यांना बद्धकोष्ठतेबरोबर वारंवार पोटात कळ येते आणि शौचानंतर ती कमी होते, त्यांना इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असण्याची शक्यता असते. अशांना कांदा, लसूण, गहू आणि कडधान्ये यांचा विशेष त्रास होतो. त्यांनी ही पायरी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी आणि पुढील पायरीतील सौम्य तंतूंपासून सुरुवात करावी.

पायरी 5: इसबगोल आणि इतर पुडीतील तंतू

तीन-चार आठवडे आहार बदलूनही दिनदर्शिकेवर 1 आणि 2 हेच आकडे असतील, तर तंतूंची जोड द्यावी. येथे माझी पहिली पसंती इसबगोलाला आहे. गुजरात आणि राजस्थानमध्ये पिकणाऱ्या या बियांचा भुसा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वापरात आहे, तो स्वस्त आहे आणि बद्धकोष्ठतेसाठी त्याच्या बाजूने असलेला पुरावा बहुतेक प्रोबायोटिकपेक्षा भक्कम आहे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी 2023 साली जुनाट बद्धकोष्ठतेसाठी संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही तंतूंमध्ये इसबगोलालाच झुकते माप मिळाले आहे. काटेकोरपणे पाहता इसबगोल हे प्रीबायोटिक नव्हे, कारण जीवाणू ते फारसे आंबवत नाहीत. ते पाणी धरून ठेवते आणि तो ओलावा शेवटपर्यंत मळात राहतो. म्हणूनच त्यापासून वायूही कमी तयार होतो.

पेलाभर पाण्यात चमचाभर भुसा टाकून एकदा ढवळून पाहावे. पहिल्या काही क्षणांत तो वर तरंगतो, मिनिटभरात पाणी दाटू लागते आणि पाच मिनिटांत चमचा उभा राहील असा बुळबुळीत गोळा तयार होतो. हेच घशात होऊ नये म्हणून ते ढवळल्याबरोबर लगेच प्यावे आणि त्यावर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याची अनेकांची सवय धोक्याची आहे. ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांनी इसबगोल घेऊ नये. सुरुवात रोज एक चमच्याने करावी आणि आठवड्याने वाढवावी. दिवसाला 10 ग्रॅमांहून अधिक तंतूंची जोड आणि किमान 4 आठवडे, या प्रमाणात परिणाम अधिक चांगला दिसतो. इतर औषधे आणि इसबगोल यांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.

खऱ्या अर्थाने प्रीबायोटिक असलेल्या पुड्यांमध्ये चिकोरीच्या मुळांपासून काढलेले इन्युलिन सर्वांत परिचित आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली दिवसाला 12 ग्रॅम चिकोरी इन्युलिनने शौचाची वारंवारता वाढते, हा दावा मान्य केला. पण पहिल्याच दिवशी 12 ग्रॅम घेतल्यास पोट गुडगुडून हैराण व्हायला होते. 2 ते 3 ग्रॅमांपासून सुरुवात करून दर आठवड्याला तेवढीच भर घालावी. ज्यांना वायूचा फार त्रास होतो, त्यांच्यासाठी गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकाचे अंशतः विघटन करून तयार केलेली भुकटी अधिक सौम्य ठरते. ती पाण्यात पूर्ण विरघळते, चवही जवळजवळ नसते आणि दिवसाला साधारण 5 ग्रॅम पुरते.

डॉक्टर नेहमी लिहून देतात ते लॅक्ट्युलोजचे गोड सिरपही याच कुळातले आहे. कमी मात्रेत ते जीवाणूंचे खाद्य म्हणून काम करते आणि जास्त मात्रेत आतड्यात पाणी ओढून रेचक ठरते. याउलट बाजारातील अनेक चूर्णांचा परिणाम असतो तो सोनामुखीमुळे. ती आतड्याला उत्तेजन देते, प्रीबायोटिकशी तिचा संबंध नाही. अधूनमधून घेण्यास हरकत नसली, तरी घटक न वाचता वर्षानुवर्षे रोज चूर्ण घेणे योग्य नव्हे.

पायरी 6: दही, ताक आणि कॅप्सूल

प्रोबायोटिक या पायरीवर येते. घरच्या दह्याबद्दल आधी बोलू. सायीच्या दुधाला लावलेल्या दह्यात कोट्यवधी जिवंत जीवाणू असतात, ते पचायला हलके असते आणि ताकामुळे पाणीही पोटात जाते. म्हणून रोज वाटीभर ताजे दही किंवा दोन पेले ताक जरूर घ्यावे. मात्र घरोघरच्या विरजणातील जीवाणू वेगवेगळे असतात, कोणता जीवाणू किती संख्येने आहे हे मोजलेले नसते, त्यामुळे त्याला नेमका औषधी परिणाम चिकटवता येत नाही. कढी उकळली की त्यातील जीवाणू मरतात. इडली, डोसा, आंबोळी आणि शिजवलेली आंबील यांचेही तेच. हे पदार्थ आंबवल्यामुळे पचायला सोपे होतात, पण ताटात येईपर्यंत त्यांत जिवंत जीवाणू उरत नाहीत. मठ्ठा, दही-भात आणि वरून दही घातलेली कोशिंबीर यांत ते उरतात, फक्त भात निवल्यावरच दही कालवावे.

कॅप्सूल किंवा पुडी घ्यायचे ठरले, तर दुकानात उभे राहून लेबल वाचण्याची सवय करावी. केवळ लॅक्टोबॅसिलस किंवा बायफिडोबॅक्टेरियम एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. जीवाणूच्या नावाला तीन भाग असतात: वंश, जाती आणि शेवटी अक्षरे-आकड्यांत लिहिलेला स्ट्रेन. उदाहरणार्थ ‘बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस एचएन 019’ यातील शेवटचा भाग म्हणजे स्ट्रेन, आणि चाचण्या होतात त्या स्ट्रेनच्या. एकाच गावातील, एकाच आडनावाची दोन माणसे जशी स्वभावाने सारखी असतीलच असे नाही, तसेच हे आहे.

बद्धकोष्ठतेसाठी सर्वाधिक अभ्यास बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जातीचा झाला आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात 14 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. प्रोबायोटिकमुळे आठवड्यातील शौचाची संख्या सरासरी 1.3 ने वाढली आणि अन्न आतड्यांतून पुढे जाण्याचा काळ, म्हणजे प्रवासकाळ, सुमारे 12 तासांनी घटला, आणि यात लॅक्टिसचा परिणाम ठळक होता. परंतु सगळी चित्रे इतकी स्वच्छ नाहीत. वर उल्लेखिलेल्या एचएन 019 या स्ट्रेनच्या 2011 सालच्या चाचणीत, 100 प्रौढांमध्ये, 14 दिवसांत प्रवासकाळ लक्षणीय घटलेला दिसला. पुढे 2018 साली 228 प्रौढांवर 28 दिवस केलेल्या मोठ्या चाचणीत त्या प्रवासकाळात ठोस फरक आढळला नाही. यावरून मी स्वतः असा अर्थ काढतो की प्रोबायोटिकचा परिणाम असला तर तो माफक असतो, सर्वांना सारखा मिळत नाही, आणि म्हणूनच त्याची परीक्षा प्रत्येकाने आपल्या नोंदवहीवर घ्यायची असते.

लेबलवर दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे संख्या. ती सीएफयू या, म्हणजे वाढून वसाहत करू शकणाऱ्या जिवंत जीवाणूंच्या, एककात असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत साधारणतः किमान 10 कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. बद्धकोष्ठतेच्या चाचण्यांमध्ये मात्र बहुधा 100 कोटींपासून पुढची मात्रा वापरलेली असते. लेबलवर ‘बिलियन’ लिहिलेले असते, तो एक बिलियन म्हणजे आपले 100 कोटी. ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की केवळ उत्पादनाच्या वेळची, तेही पाहावे. तिसरी गोष्ट साठवण. फ्रीजमध्ये ठेवण्याची सूचना असलेली कॅप्सूल मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या उन्हात दोन दिवस कुरिअरच्या गाडीत फिरली असेल, तर तिच्यात काय जिवंत राहिले असेल याचा विचार करावा. असे उत्पादन जवळच्या दुकानातून, फ्रीजमधून काढून दिलेलेच घ्यावे. चौथी गोष्ट साखर. बाटलीतील गोड प्रोबायोटिक पेये मधुमेहींनी साखरेचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नयेत.

दुकानात बॅसिलस क्लॉसी, सॅकरोमायसिस बुलार्डी किंवा ‘लॅक्टिक ॲसिड बॅसिलस’ या नावाने बी जीवनसत्त्वांसह मिळणारी कॅप्सूल पुढे केली गेली, तर ती जुलाबांसाठी किंवा प्रतिजैविकांबरोबर देण्याच्या प्रथेतून आलेली आहे हे ध्यानात घ्यावे आणि ‘मला बद्धकोष्ठतेसाठी, लॅक्टिस जातीचे आणि स्ट्रेन लिहिलेले हवे’ असे स्पष्ट सांगावे. हे एक वाक्य मी त्या पहिल्या दिवशी बोललो असतो, तर आईचा आठवडा वाचला असता.

कॅप्सूल रोज एकाच वेळी, गार किंवा साध्या पाण्याबरोबर घ्यावी; गरम चहा किंवा वाफाळत्या दुधाबरोबर नको. प्रतिजैविके चालू असतील तर दोन तासांचे अंतर ठेवावे.

कोणी घेऊ नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. निरोगी माणसाला प्रोबायोटिकपासून सहसा धोका नसतो, पण कर्करोगाचे उपचार, अवयवप्रत्यारोपण किंवा अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असेल, मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल, किंवा रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, तर हे जिवंत जीवाणू रक्तात शिरण्याची भीती असते. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक घेतलेल्या गटातच मृत्यू अधिक झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही ते घरच्या निर्णयाने देऊ नये. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

पायरी 7: एका वेळी एक बदल, चार आठवडे

आहार, इसबगोल आणि कॅप्सूल ही तिन्ही एकाच दिवशी सुरू केली, तर गुण कशाने आला आणि वायू कशाने झाला, हे कधीच कळत नाही. एक बदल करावा, चार आठवडे तो टिकवावा, दिनदर्शिकेवरील आकडे मोजावेत आणि मग निर्णय घ्यावा. रिकाम्या चौकटी कमी झाल्या, आकडे 3 आणि 4 वर आले, फुल्या विरळ झाल्या, तर तो उपाय चालू ठेवावा. चार आठवड्यांत प्रोबायोटिकने काहीच हलले नाही, तर ते बंद करावे; वर्षभर घेत राहिल्याने पुढे कधीतरी गुण येईल, अशा आशेवर पैसे घालू नयेत. हवे तर वेगळ्या स्ट्रेनने आणखी एकदा प्रयत्न करावा, पण तिसऱ्यांदा नको.

हे सर्व नीट करूनही काही जणांना फरक पडत नाही, आणि त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. काहींच्या आतड्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव अधिक असतात आणि मिथेनचा संबंध आतड्याच्या मंद गतीशी आढळला आहे. काहींची अडचण आतड्यात नसून ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंत असते: कुंथताना जे सैल पडायला हवेत ते उलट आवळले जातात. मळ मऊ असूनही बाहेर येत नाही, फार वेळ बसावे लागते, बोटाने मदत करावी लागते, अशी लक्षणे असतील तर तंतू वाढवीत राहिल्याने केवळ मागे कोंडी वाढते. पोटविकारतज्ज्ञ यासाठी गुदाशयाची साधी तपासणी व दाबमापन करतात आणि बायोफीडबॅक पद्धतीने स्नायूंना पुन्हा वळण लावता येते. तंतू अपुरे पडणाऱ्यांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची भुकटी हे चांगला पुरावा असलेले औषध आहे. ते आतड्यात पाणी धरून ठेवते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळही घेता येते.

आईच्या दिनदर्शिकेवर चौथ्या महिन्यात आठवड्याला पाच आकडे दिसू लागले, बहुतेक 3 आणि मध्येच एखादा 4. लोहाची गोळी बदलली होती, मटकी आणि भाकरी ताटात स्थिरावली होती आणि रात्री दोन चमचे इसबगोल चालू होते. लॅक्टिसची कॅप्सूल तिने चार आठवडे घेतली. त्या चार आठवड्यांचे आकडे आधीच्या आठवड्यांहून वेगळे नव्हते, म्हणून ती बंद केली. दुपारच्या जेवणानंतरचे ताक मात्र तिने सोडलेले नाही, कारण ते तिला आवडते.